आक्काच्या गाण्याची तिसरी ओळ

काळी आक्का ऊस तोडताना कधी गप नसायची. कोयता चालतोय तवर गळा चालायचा. रंगानं तव्यासारखी. कुनी हसलं तर म्हनायची, "काळी हाय म्हनून ऊन मला वळखतं. तुमाला नुसतं भाजतं."

आमचं गाव शेवगावच्या बाजूला. दिवाळी झाली की टोळी कारखान्याच्या फडावर जायची. आक्का गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, पन टोळी एकच, फड एकच. मोळ्या तिच्याबी डोक्यावर, माझ्याबी. पानी मातुर येगळं. कळशी आमच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत. आक्का यायची, उकिडवी बसायची, वंजळ धरायची. मी उभी ऱ्हाऊन वरून धार सोडायची. थेंब उडून माझ्या पायावर पडला, तर सासू मला पाय धुवाया लावायची. त्याच पान्यानं.

आक्का कधी भांडली न्हाई. तिनं गानं केलं. मोळी बांधताना, माझ्याकडं न बघता म्हनायची:

"वत बाई वत, लांबून वत,
वंजळ माझी खाली, तुजा हात वर,
एक डाव तांब्या माझ्या हातावर धर."

मला समजत हुतं. मी वाढं, उसाचं शेंडं, गोळा करायची, मान खाली घालून. सासू मेली, तरी माझा हात वरच. सवय, म्हनत हुते मी. दुसरं काय म्हनू?

म्हातारपनी आमच्या दोघींची ऊसतोड सुटली. मग पुन्याकडची मानसं आली, जुनी गानी जमवतो म्हनून. आक्कानं खाटंवर बसून तिन्ही ओळी म्हनल्या. त्यांनी मोबाईलात घेतल्या, कागदावर तिचा आंगठा घेतला, तिला एक साडी दिली.

वरसाभरानं गानं टीवीवर आलं. थंड सरबताच्या बाटलीची जाहिरात. उसाचा फड, खाली डीजेचा ठेका, एक पोरगी उकिडवी बसून वंजळ धरतीय, वरून सरबत पडतंय, अन् ती खदाखदा हसतीय. पोरगी गोरी. तोंडाला, हाताला काळा रंग लावलेला, कानामागं लावायचा ऱ्हायलेला.

आक्का आमच्या दारातनं बघून हसत म्हनली, "काळी बाई पायजे हुती तर मी हुते की घरीच. त्या लेकराला कशाला काजळी फासली?" मग हसायची थांबली. "वैनी, तिसरी ओळ कुटं गेली गं?"

तिनं नातसुनंकडनं गानं नेलेल्या मानसाला फोन लावला. तो ग्वाड बोलला. "मावशी, लोकांना आनंदी गानं लागतं. आता कुटं ऱ्हायलंय तसलं?"

"ऱ्हायलं न्हाई, तर बाटली त्या पोरीच्या हातात का देत न्हाई?"

फोन बंद झाला. परत लागला न्हाई.

त्याच आटवड्यात मी तिच्या घरी गेले. एवढ्या वरसांत पयल्यांदा. तिनं तांब्या भरला अन् सरळ माझ्या हातात दिला. मी तोंड लावून प्याले. ती बघत हुती. म्हनली, "ती ओळ आता तुलाच पाठ हाय. मी गेल्यावर सांगशील का, कुनाला घाबरशील?" मी तांब्या खाली ठिवला अन् निघाले. दोन महिन्यांनी आक्का गेली. तिला उत्तर द्यायचंच ऱ्हायलं.

औंदा नातवाची हळद. दारात डीजे. तेच गानं लागलं. माझी नात उकिडवी बसली, मैतरीन वरून तांब्यानं पानी वतायला लागली, समदे टाळ्या वाजवायला लागले. मी उठले अन् मैतरनीच्या हातातला तांब्या धरला.

"आज्जी नाचाया आली!" एक जन वरडला. डीजेवाल्यानं हसत आवाज कमी केला.

मला गाता येत न्हाई. बोलले नुसती. "हे गानं काळ्या आक्काचं. तिला तान लागायची तवा असं वरून पानी वतायचे. वतनारी मी हुते. याच्यात तिसरी ओळ हाय." ती सांगितली. अन् तांब्या भरून नातीच्या हातात दिला.

ल्योक म्हनला, "आई, पावन्यांत हे कशाला?" डीजेवाल्यानं आवाज वाढवला. परत दोनच ओळी, परत दोनच ओळी. मानसं नाचायला लागली.

मी वट्यावर बसून तिसरी म्हनत ऱ्हायले, तोंडातल्या तोंडात. ठेक्यात कुनाला ऐकू जानार? नात मातुर नाचत नव्हती. भरला तांब्या धरून तिथंच उभी हुती, कुनाला द्यावा ते बघत.