पायांची फिल्म

तर नवरीचा बाप चिडला, आणि का नाही चिडणार? लग्नाची फिल्म मागितलेली, आणि पडद्यावर कोण? हॉलमधल्या खुर्च्या एकात एक अडकवून रचणारा म्हातारा! नवरानवरी मागे कुठेतरी धूसर. "पण काका, रचतो बघा ना किती झोकात!" फिल्म काढणारी ही पोरगी उलट त्यांनाच समजावायला लागली. स्टुडिओच्या मालकाने त्याच संध्याकाळी तिला नारळ दिला.

घरात तिला भिरभिरं म्हणत. जेवायला बसली तरी एक पाय दाराकडे. नोकरी गेली, आता थोडी स्वस्थ बसेल, असं आईला वाटलं. कसली बसते! उसना कॅमेरा घेऊन लिफ्ट चालवणाऱ्या बाईपाशी गेली, मग इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्यांपाशी, मग रस्त्यावरचे दिवे बदलणाऱ्याच्या शिडीखाली. दहा-बारा मिनिटांच्या फिल्म, पण नाव होऊ लागलं. एका मामांनी एक पाहिली आणि म्हणाले, "छान आहे गं. उरलेली कधी दाखवणार?"

पुढे ती दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहिली. परक्यांच्या दारात दिवसेंदिवस तळ ठोकायची, घरी मात्र पाहुणी. फोन वाजला की अर्धा चहा तसाच टाकून पसार.

मग कळलं, बाबा दुकान आवरतायत. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आणि गुडघे साथ देईनात. साऱ्या जगाच्या फिल्म काढल्या, आपला बाप राहिलाच! तशीच धावत आली.

पण कॅमेरा लागला की बाबांचा पुतळा व्हायचा. केसांना पाणी, मान ताठ, आणि "प्रेक्षकहो, शिलाई मशीन हे एक उपयुक्त यंत्र आहे." डबा घेऊन आलेली आई तोंडावर हात धरून हसायची. "बाबा, निबंध वाचताय का?" असं म्हणत भिरभिरं वैतागून बटण दाबायची आणि कॅमेरा हातात लोंबता ठेवून दुकानभर येरझाऱ्या घालायची. तेवढ्यात बाबा पुन्हा माणसात यायचे.

आठवडाभर असंच चाललं. दुकान रिकामं झालं, मशीनं भंगारात गेली. खोलीवर परतून तिने शूटिंग लावलं, तर भलतंच. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद, असं ते बटण, आणि चालू असल्याचा दिवा कधीचाच गेलेला. रोज सकाळी बाबांसमोर घाईघाईत पहिल्याच वेळी ते दोनदा दाबलं जायचं, आणि तिथून दिवसभर सगळं उलटं. निबंध एकही आला नव्हता. आले होते ते पाय! पायडल चालवून मशीनचा आवाज पारखणारे बाबांचे अनवाणी पाय, आईच्या चपला, आणि वरून बोलणं. ती फोन घ्यायला दाराशी गेली होती, कॅमेरा स्टुलावर राहिला होता, तेव्हाचं.

"ही आली की मला धाकधूकच लागते," बाबा आईला सांगत होते, "येतानाच परतीचं तिकीट काढून येते. दिवेवाल्यापाशी बसली तशी माझ्यापाशी कधी बसेल? त्यासाठी मी काय शिडीवर चढू?"

ती खोलीत नुसती फिरत राहिली. हे दाखवायचं तर बाबांचा होकार हवा. नाहीतर त्यांच्या दुकानाची फिल्म नाहीच. दुसऱ्याच दिवशी तिने घर गाठलं आणि बाबांपुढे ते लावलं.

बाबांनी सगळं पाहिलं. आपलंच बोलणं आलं तेव्हा चष्मा काढून पुसत बसले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "चेहरा कुठंच नाही गं. परत घेऊ या का? या वेळी मी नीट बोलतो."

ती उठली, पुन्हा बसली, आणि म्हणाली, "परत नको, बाबा. तुम्ही बोललात ते खरं आहे, आजही मी तिकीट काढूनच आलेय. त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. पण फिल्म दाखवीन तर हीच, आणि तुम्ही नको म्हणालात तर आत्ता पुसून टाकते."