थर्ड शिफ्टच्या आठवड्यातली हजेरी

फळ्यावर मधोमध रेघ ओढायची, डावीकडे ‘बाहेरचा संघर्ष’ लिहायचं, उजवीकडे ‘आतला’, आणि गोष्टीतल्या माणसांचे झगडे मुलांकडून त्या दोन रकान्यांत भरून घ्यायचे. चाकणच्या शाळेत दहावीला मराठी शिकवताना मी हे दरवर्षी करतो. डावा रकाना पाच मिनिटांत भरतो: पूर, वाघ, सासू. उजवीकडे मात्र खडू टेकवून नुसतं उभं राहावं लागतं. यंदा मी थकून खुर्चीतच बसलो आणि म्हणालो, “गोष्ट राहू द्या. घरातला एक प्रसंग लिहून आणा.”

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं चार ओळी आणल्या. आई सकाळी सहालाच पॅकिंगच्या कंपनीत जाते. पप्पा थर्ड शिफ्ट करून साडेसातला येतात आणि झोपतात. खोली एकच आहे. तीन वर्षांची बहीण रडते. खाली उत्तर: बाहेरचा संघर्ष.

“आणि तुझ्या मनात काय चालतं? तो आतला,” मी म्हणालो.

“काही नाही सर. ती रडायच्या आधी तिला बाहेर न्यायचं, एवढंच.”

“सर, माझ्यात रोज असतो आतला,” मागून एक जण ओरडला. “डबा दुसऱ्या तासाला खायचा का मधल्या सुट्टीत!”

वर्ग हसला, मीही हसलो. मग मी हजेरीचा कॅटलॉग उघडला. मी वर्गशिक्षक, आणि हे मला आधीच दिसायला हवं होतं. ती दोन आठवडे हजर होती, तिसरा आठवडा गैरहजर, पुन्हा दोन हजर, पुन्हा एक गैरहजर. हजेरी अशीच कमी राहिली तर बोर्डाच्या फॉर्मवर सही करणार नाही, असं मुख्याध्यापकांनी बजावलेलं होतं.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नववीत वडील मला शाळेतून काढणार होते, तेव्हा आमचे गुरुजी सायकलवरून घरी आले आणि ओट्यावर बसून तासभर बोलले. तेवढ्यावर माझं शिक्षण पुढे चाललं. पालकांशी बोललं की प्रश्न सुटतो, असं मी तेव्हापासून धरून चालतो. तिच्या वडिलांना बोलावलं, तिलाही यायला सांगितलं.

ते कंपनीच्या बसमधून उतरून थेट आले. पायात सेफ्टी शूज, डोळे लाल. बसा म्हटलं तर बसेनात. “बसलो की झोप लागती सर.” बोलण्यावरून लातूरकडचे वाटले.

मी कॅटलॉग पुढे केला. “तुमची थर्ड शिफ्ट असली की ही शाळेत येत नाही. धाकटीला घेऊन बाहेर बसते.”

त्यांनी त्या पानावरून बोट फिरवलं. “पण ती तर ड्रेस घालून निघती की. धाकटीला शेजारच्या मावशीकडं सोडते म्हणती.”

“मावशी दिवाळीपासून कामाला जातात,” धाकटीला कडेवर घेऊन आलेली मुलगी दारातून म्हणाली.

“मग मला सांगितलं का न्हाई?”

“तुम्हाला मशीनवर डुलकी लागली होती ना. परत झोपलास तर गेटबाहेर, असं सुपरवायझर म्हणाले होते.”

हे वहीत का लिहिलं नाहीस, असं मला विचारायचं होतं. पण वही घरी जाते, पप्पांच्या हाती पडली असती.

“उद्यापासून शाळेत यायचं,” वडील म्हणाले. “शाळा सुटून तू घरी येईपर्यंत, एक वाजेपर्यंत, मी जागा राहतो, मग झोपतो.” आणि त्यांनी मला हात जोडले. मला ते पाहवलं नाही.

या आठवड्यात त्यांची पुन्हा थर्ड शिफ्ट आहे. ती सोमवारपासून रोज आली. बुधवारी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, “सर, काल पप्पा दारात बसल्या बसल्या झोपले. बहीण पार रोडपर्यंत गेली होती. टपरीवाल्या चाचांनी उचलून आणली.”

तोच रोड आमच्या शाळेसमोरून जातो, आणि त्यावरून दिवसभर कंटेनरचे ट्रक धावतात.

“घरी जाऊ का सर?”

“जा,” मी म्हणालो. “उद्याही मधल्या सुट्टीतच जा.”

सुट्टीनंतरच्या तासांना ती वर्गात नसते. कॅटलॉगमध्ये मी तिची पूर्ण दिवसाची हजेरी मांडतो. शनिवारी मुख्याध्यापक कॅटलॉग तपासतात. त्यांनी विचारलंच तर काय सांगायचं, ते माझं अजून ठरलेलं नाही.