दाजींच्या काठ्या आणि विहिरीतली मरळ

संबंध जालना जिल्ह्यात पाण्यापेक्षा गळाच्या काठ्या जास्त असलेलं घर एकच असेल, आणि नेमकं त्याच घरात आम्ही आमची थोरली बहीण दिली. जिल्हा नवीन झाला त्या सुमाराची गोष्ट. पिंपळगाव रेणुकाईला मुलगा पाहायला गेलो तेव्हा शेत पाहिलं, विहीर पाहिली, मोसंबीची बाग पाहिली. ओसरीत खुंट्यांवर आडव्या ठेवलेल्या काठ्याही पाहिल्या. पण त्या साप मारायच्या असतील असं वडिलांना वाटलं. आक्का नांदायला गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा निरोप आला, की बाकी सगळं बरं आहे, पण हे रोज सकाळी देवाच्या आधी काठ्या पुसतात.

दाजींना मासे धरण्याचं वेड होतं असं म्हणणं बरोबर नाही. मासे त्यांना फारसे मिळत नसत, आणि मिळाले तरी खाण्याचं त्यांना विशेष अगत्य नव्हतं. वेड होतं ते काठी निवडण्याचं. आमच्याकडची नदी दिवाळीनंतर बैलगाड्यांच्या कामाला येते, तरीही दाजींकडे वाहत्या पाण्याची काठी वेगळी, साचल्या पाण्याची वेगळी आणि गढूळ पाण्याची आणखी वेगळी होती. खवल्या नावाच्या बारीक माशासाठी वेळूची सडपातळ काठी. तिच्या शेंड्यावर डास बसला तरी तो वाकतो असं दाजी सांगत, पण डास बसेपर्यंत थांबायला कुणी तयार नसे. दगडाखाली दडून बसणाऱ्या वामीसाठी आखूड आणि जाडजूड. धरणातल्या कटल्यासाठी पितळी चरखीची, हैदराबादला नोकरी केलेल्या चुलत्यांनी दिलेली. ती चरखी फिरायला लागली की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटे. त्या आवाजानं कटला पळून जातो, असं लोक म्हणत. “पळू द्या की,” दाजी म्हणत, “आवाजाला भिणारा कटला आपल्याला काय करायचा?” आणि या सगळ्यांच्या वरच्या खुंटीवर मरळीची काठी. भरीव बांबूची, सरळसोट, करडईचं तेल पिऊन पिऊन काळपट झालेली. आक्काच्या हिशेबानं त्या काठीनं एका माणसापेक्षा जास्त तेल खाल्लं होतं.

कुठला मासा लागेल हे आधी कळत नाही, म्हणून दाजी धरणावर जाताना सगळ्या काठ्या बरोबर नेत. “खवल्याची काठी हातात, अन् ऐन टायमाला वाम आली तर? इज्जतीचा सवाल हाय,” असं त्यांचं म्हणणं. एकदा भोकरदनच्या एसटीत गर्दीत एका म्हाताऱ्याचा पटका त्यांच्या गळात अडकला आणि दाजी उतरले तसा तो उलगडत उलगडत स्टँडवर आला. म्हातारा दारातून ओरडायला लागला. दाजींनी मागे वळून शांतपणे सांगितलं, “बाबा, हलू नका. खवल्याची काठी हाय, हिसका बसला का शेंडा गेलाच.” म्हातारा बिचारा खरोखर हलायचा थांबला. कंडक्टरनं घंटी मारली नाही. गळ सुटेपर्यंत सगळी गाडी श्वास रोखून उभी होती.

मी तेव्हा जुन्या जालन्यात एका कापड दुकानात कामाला होतो. सुट्टी मिळाली की पिंपळगाव गाठायचं आणि दाजींबरोबर तलावावर बसायचं. माझ्यासाठीही एक काठी ठरलेली होती, पाहुण्यांची. तिला मासा कधीच लागत नसे. माझा हातगुण वाईट आहे अशी मी मनाची समजूत घातली होती. बऱ्याच काळानं कळलं, की त्या दोऱ्याला गळच नव्हता. मी रागावून विचारलं तर दाजी म्हणाले, “पाव्हणे, आदुगर बसायला शिका. गळाचं मंग बघू.”

मग तो पाडवा आला. गुढीचा बांबू वाळवीनं खाल्लेला निघाला आणि दाजी मळ्यात गेलेले. आक्कानं ओसरीत नजर टाकली, सगळ्यांत उंच आणि सरळ काठी उचलली, तिला खण बांधला, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी बांधली, वर तांब्या पालथा घातला आणि गुढी उभी केली. दाजी परत आले, अंगणात थांबले आणि वर पाहतच राहिले. ती मरळीची काठी होती. आता या घरात काहीतरी होणार म्हणून मी जरा बाजूला सरकलो. दाजींनी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, “देव बसला हिच्यावर. आता हिनं मासा मारायचा न्हाई.” दुसरी काठी मिळवण्यासाठी त्यांनी पंचक्रोशीतले सगळे बुरूड पालथे घातले. घरी येऊन नुसते म्हणायचे, “चांगल्या हायेत, पण मन बसत न्हाई.” तेव्हापासून मरळीची शिकार बंदच पडली.

पुढे सलग दोन पावसाळे कोरडे गेले. गावाबाहेरचा तलाव आटत आटत डबक्यावर आला आणि तलावातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या मरळी त्या डबक्यात गोळा झाल्या. लोक चादरी आणि टोपल्या घेऊन चिखलात उतरू लागले. त्यांचंही काही चुकत नव्हतं; घरात दुसरं कालवण नव्हतं. दाजी मात्र बांधावर बसून नुसते पाहत. एक दिवस मला म्हणाले, “पाव्हणे, ह्या संपल्या अन् मंग तलाव भरला, तर त्याला काय चाटायचं? नुसतं पाणी!” त्यांचा आवाज इतका उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी ठरवलं, की बीजापुरत्या मरळी काढून आपल्या विहिरीत सोडायच्या आणि पाणी आल्यावर तलावात परत न्यायच्या.

जाळं टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. जाळ्यात मरळीचा अपमान होतो, हे दाजींचं उत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते ओसरीत काठी निवडत बसले. वामीची घेतली, तोलली, ठेवली. चरखीची घेतली, ठेवली. तिकडे डबक्यात माणसं वाढत होती आणि इकडे हे शेंडे वाकवून बघत होते. शेवटी मी हातापाया पडायला लागलो, तेव्हा ते देवघराच्या कोपऱ्यातून गुढीची काठी घेऊन आले.

“दाजी, हिनं मारायचं नाही म्हणाला होता ना?”

“मारायचं न्हाई म्हनलं होतं. वाचवायचं न्हाई असं कुठं म्हनलं?”

मरळीचं तोंड फाटू नये म्हणून गळाचा उलटा काटा त्यांनी कानशीनं घासून टाकला होता. संध्याकाळपर्यंत चिखलात उभं राहून त्यांनी एकेक मरळ अलगद काढली, तेलाच्या डब्यात घातली, वर ओलं पोतं टाकलं. सायकलवर डबे बांधून आम्ही मळ्यात नेले. गाव हसत होतं. कुणीतरी विचारलं, “बारसं कवा हाय?” दाजी म्हणाले, “पाणी आल्यावर. या जेवायला.”

पण हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट खरी पुढेच होती. विहिरीत पाणी जेमतेम कंबरभर आणि त्याच पाण्यावर मोसंबीची बाग जगायची होती. दाजींनी मोटारीचा पाइप वर ओढून बांधला, म्हणजे तळाचं पाणी उपसलं जाणार नाही. आक्का पहिल्यांदा समजुतीनं बोलली, मग भांडली, मग रडली. “झाडं वाळून राह्यली अन् तुमी मासे पोसून राह्यले! लेकरासारखी वाढवली म्या ती!” दाजी मान खाली घालून ऐकत. रात्रंदिवस दुरून पाणी वाहून त्यांनी बरीच बाग राखली, पण बांधाकडच्या दोन ओळी गेल्याच. ती झाडं तोडली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. दाजींचा मलाही तेव्हा राग आला होता. माणसाला किती हौस असावी, असं मी तोंडावर म्हणालो. ते एवढंच म्हणाले, “बराबर हाय तुमचं.” पाइप मात्र खाली सोडला नाही.

पुढच्या वर्षी तलाव भरला. दाजींनी त्याच काठीनं विहिरीतल्या मरळी एकेक करून काढल्या आणि डब्यातून तलावात नेऊन सोडल्या. एक तेवढी राहिली. ती काही केल्या येईना. दाजींनी वामीची काठी लावली, खवल्याची लावली, चरखी फिरवून पाहिली, माझ्या काठीलासुद्धा गळ बांधून पाहिला. ती वर यायची, हवेचा घोट घ्यायची, दाजींकडे एकदा पाहायची आणि खाली जायची. शेवटी दाजींनी काठी आडवी ठेवली. “हिच्या पसंतीची काठी आपल्याजवळ न्हाई, पाव्हणे.” त्यांनी हार मानलेली मी पाहिली ती तेवढीच. नंतर ते रोज सकाळी विहिरीवर जाऊन तिच्यासाठी गांडुळं टाकत. आक्का तिकडे फिरकतही नसे.

त्यानंतर दाजी फार वर्षं राहिले नाहीत. छातीत कळ आली, जीपनं जालन्याला निघालो, राजूरच्या पुढे काही त्यांना नेता आलं नाही. असा माणूस पुन्हा आपल्या वाट्याला येणार नाही, हे मला त्या जीपमध्येच कळलं होतं.

वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा सकाळी आक्का घरात दिसेना. शोधत मळ्यात गेलो. ती जुन्या मोटेच्या थारोळ्याजवळ, विहिरीचं पाणी पडतं तिथल्या ओल्या मातीत बसून खुरप्यानं गांडुळं काढत होती. पदराला माती लागली होती. ओंजळभर झाली तशी ती विहिरीशी गेली, वाकून टाकली आणि वाट पाहत उभी राहिली. खाली पाणी हललं. काळपट पाठ वर आली, हवेचा घोट घेतला आणि बुडाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “आक्का, मी काढून बघू का तिला? तलावात सोडून येतो.”

“राहू दे,” आक्का म्हणाली. “ह्यांना न्हाई आली, तुला काय येती!”

आणि पदर झटकून ती पाइप कुठवर आहे ते पाहायला विहिरीच्या पायऱ्या उतरली.