हिराची बाजारातली जागा

मंगळवारी अलिबागेत दातांच्या दवाखान्याच्या माडीवर आम्ही जमतो, त्याला दीड वर्ष झालं. तेवढ्यात किस्से किती साठले! नात लिहून घेते म्हणून सांगायला बसलो, तर हिरा शेजारून हाताने खुणावते, हा न्हाय, तो सांग.

हिरा माझी बायको. चाळीस वर्षं बाजारात मासे विकते. घरात आमची कोळ्यांची बोली, किहीमच्या बंगलेवाल्यांशी हिंदी. आता आजाराने तिचे शब्द एकेक करून चाललेत, त्यात हिंदी आधी. डोकं मात्र जाग्यावर आहे.

पहिल्या दिवशीच माडीवरच्या, बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आजार थांबणार नाही, आजोबा. पण लागतात ते शब्द धरून ठेवू. आजी, तुम्हाला कशासाठी बोलायचंय?"

हिराने हाताने टोपली दाखवली. "जागा," म्हणाली. बाजारात ती बसते ती जागा. आमची मुलगी मंदा तिला घरी बसवायला निघाली होती.

*

मॅडमनी पापलेटचं चित्र दाखवलं. "हे काय?" हिराने चित्र डोळ्यांजवळ नेऊन निरखलं. मॅडमनी वहीत फुली मारली. तिसऱ्यांदा दाखवल्यावर हिराने चित्र बाजूला सारलं.

"शिलं हाय. डोला बग. मी न्हाय इकत."

पुढच्या मंगळवारी मॅडम आठ ताजे मासे घेऊन आल्या. हिराने सात ओळखले. आठवा, बोंबील, खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ओळखला. वासावरून.

*

माडीवर येणारे कासमभाई पूर्वी न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवायचे. त्यांचंही बोलणं आटलं होतं. मॅडमनी त्यांच्या हातात क्रेनवर असायचा तसा जुना वॉकीटॉकी दिला. कासमभाईंनी बटण दाबलं आणि बायकोकडे बघून म्हणाले, "चाय चाहिये. मिलेगी क्या? ओव्हर."

भाभी म्हणाल्या, "लग्नाला पन्नास वर्षं झाली. आज पयल्यांदा इचारून मागितली."

*

मॅडमनी हिराला बाजारात बोलायची वाक्यं बसवून दिली, मराठीत आणि हिंदीत. आम्हा दोघांना वाचता येत नाही, म्हणून मोबाइलात स्वतः बोलून व्हिडिओ करून दिला. चहा झाला की मोबाइल लावायचा. मी गिऱ्हाईक, हिरा मॅडमच्या ओठांकडे बघत म्हणणार, "नमस्कार. मासे ताजे आहेत. कोणता देऊ?" दिवसाला वीस वेळा. महिन्याने पक्कं झालं.

बाजारात हिरा तसंच बोलली. रोजची गिऱ्हाइकं थबकली. एक बाई दुसरीला म्हणाली, "हिरामावशी गोड बोलते म्हणजे मासे कालचे."

टोपली भरलेली परत आली.

दुसऱ्या दिवशी मॅडम बाजारात येऊन बसल्या आणि बायका कशा बोलतात ते ऐकून गेल्या. मंगळवारी माडीवर नवा धडा सुरू झाला. "हात नको लावू. घ्यायचंय तर बोल." मग हिंदीत, "हाथ मत लगाव. लेना है तो बोलो." मॅडम म्हणायच्या, "आजी, अजून जोरात." बाहेर नंबर लावून बसलेले दोघे उठून घरी गेले.

टोपली रिकामी व्हायला लागली.

*

तरी मंदाचा जीव भांड्यात पडेना. म्हणाली, "आये, रविवारी मुंबईवाले येतात. एक दिस एकटी बस. अडलीस तर जागा मी घेनार." हिराने मान डोलावली.

रविवारी मी आणि मंदा पलीकडे, बर्फाच्या पेट्यांवर बसलो. गॉगलवाला एक माणूस आला. सुरमईला हात लावायला गेला, तशी हिराने हिंदीतून ठणकावलं. त्याने भाव विचारला. "हजार," हिरा म्हणाली.

"सातसौ दूँगा, मौसी."

आता उत्तर द्यायचं, आणि तिथेच शब्द अडला. हिरा त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मंदा उठायला लागली. मी तिचा हात धरला. शब्द अडला तर आपण पुरवायचा नाही, असं मॅडमचं सांगणं.

तो जरा चुळबुळला. "अच्छा, आठसौ."

हिराचे ओठ हलले. आवाज नाही. नजर त्याच्यावरच.

"मौसी, ऐसे मत देखो. नौसौ. बस."

मंदा हळूच खाली बसली.

अखेर शब्द आला. "लेव," हिरा म्हणाली, आणि सुरमई त्याच्या पिशवीत टाकली.

जागेचा विषय मंदाने नंतर काढला नाही. मंगळवारी मात्र ती आमच्याबरोबर माडीवर आली. मॅडमसमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मॅडम, आयेसारखं गिऱ्हाइकाकडं बगायला मला पन शिकवाल काय?"