ओल्या खडकाचा टायर

माझे भावोजी टायर कंपनीत मोटरसायकली चालवून टायर तपासायचे. ताई गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. मला वनरक्षकाची नोकरी लागली होती आणि रोजची वाट अर्धी चिखलाची, अर्धी खडकाळ होती.

त्यांनी आधी माझ्या मोटरसायकलला खोल नक्षीचा टायर चढवला आणि स्वतः चालवून पाहिली. चिखलात त्याने छान पकड घेतली, पण ओल्या खडकावर तो सटकला आणि भावोजी कोपरावर आपटले.

“भावोजी, रक्त येतंय! दुखतंय का?”

“कळत नाही रे. हल्ली काहीच कळत नाही.”

मी तिथेच बसून ताईसाठी रडलो. माझं आवरेपर्यंत ते शेजारी नुसते उभे राहिले. मग त्यांनी मऊ रबराचा दुसरा टायर चढवला, त्याच खडकावरून गाडी नेऊन आणली.

“हाच घे. चिखलात मात्र सावकाश जा.”