दुपारी जाणारं नेट

भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली की मी तिचा दोरा तिथेच सोडून ती आतून बघते. लिफ्टमध्ये कुणी गरजेपेक्षा जास्त गोड बोललं की मला पहिला प्रश्न पडतो, याला काय हवंय? घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. त्यामुळे आमच्या खारघरच्या घरातलं वायफाय रोज दुपारी जायला लागलं तेव्हा नवरा म्हणाला, नेट आहे, जायचंच. मी म्हटलं, मग सकाळी का जात नाही? रविवारी का जात नाही?

मला ते नेट सिनेमे बघायला नको होतं. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरायला लागल्या होत्या. मी दिवसभर बेलापूरला ऑफिसात, नवरा त्याहून लांब. म्हणून एजन्सीतर्फे दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या. त्या खाडीकाठच्या गावातल्या. आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर मी एक छोटा कॅमेरा बसवला. तो वायफायवर चालायचा, चित्र माझ्या मोबाइलवर दिसायचं, आणि त्यातून बोलताही यायचं. थोरल्या दिरांनी नाशिकहून बजावलं होतं की आई पुन्हा पडली तर ते तिला घेऊन जाणार. सासूबाईंना नाशिकला जायचं नव्हतं. इथे बिल्डिंगखालच्या बागेतल्या बाकावर त्यांची हक्काची जागा होती, तिथे त्या पाहुण्या. मला इथून हलवू नका, असं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. म्हणजे सगळी भिस्त कॅमेऱ्यावर, आणि कॅमेऱ्याची नेटवर.

कॅमेरा नवीन होता तेव्हा एकदा मावशी सोफ्यावर टेकलेल्या दिसल्या. मी ऑफिसातूनच विचारलं, मावशी, आईंची गोळी झाली का? भिंतीतून आवाज आल्यावर त्या ताडकन उठल्या आणि पदर सारखा करत इकडेतिकडे बघायला लागल्या. घरी गेल्यावर सासूबाई माझ्याशी तुटकच बोलल्या. मी मनावर घेतलं नाही.

तर नेट. आधी मी राउटर बंद करून चालू केला, जे सगळेच करतात. मग तो मायक्रोवेव्हजवळून उचलून दाराशी, चपलांच्या कपाटावर ठेवला. फरक शून्य. मग माझा संशय शेजाऱ्यांवर गेला. गणपतीत त्यांच्याकडे पाहुणे आले म्हणून त्यांनी आमचा पासवर्ड मागून घेतला होता, आणि गणपती गेले तरी पासवर्ड काही परत देता येत नाही. मी तो गुपचूप बदलला. लगेच शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, तुमचं नेट बंद पडलंय का हो? म्हणजे इतके दिवस त्या आमच्यावरच मालिका बघत होत्या. मला फार आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा पुन्हा गायब.

मग मी सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर संशय घेतला, वरच्या मजल्यावर चाललेल्या ड्रिलवर घेतला. शेवटी नेटवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर तिथल्या मुलीने सांगितलं की लाइन उत्तम आहे, तुमच्या राउटरचा वीजपुरवठाच बंद होतोय. घरातले दिवे जात नाहीत आणि राउटरच बंद होतो, याचा अर्थ एकच. कुणीतरी बटण दाबतंय.

घरी येऊन मी ते बटण नीट बघितलं. पांढऱ्या बटणावर पिवळट डाग होता. बोट फिरवून वास घेतला. हळद. आता, स्वयंपाक मी सकाळी करून जाते. दुपारी नुसतं गरम करायचं असतं. मग हळदीचा हात कुणाचा आणि कशासाठी? मावशी दुपारी काही वेगळं रांधतात का? गावातलं कुणाला बोलावून जेवू घालतात का? मी तुपाची बरणी बघितली, तांदळाचा डबा बघितला, माझं कपाटसुद्धा तपासलं. सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यामुळे मला जास्तच शंका आली.

सासूबाईंना विचारलं तर त्यांनी मान वर न करता सांगितलं की हल्ली सगळ्यांचंच नेट जातं. ज्या बाईंना नेट म्हणजे काय हे मी दहादा समजावलं होतं, त्या मला हे सांगत होत्या. मग मावशींना विचारलं.

"मला काय म्हाईत ताई? त्या डब्याला मी हात पन लावत नाय," त्या म्हणाल्या, आणि हात पाठीमागे नेले.

झालं. त्यांना काढायचं हे मी त्याच क्षणी ठरवलं. एजन्सीला फोन करून दुसरी बाई बघायला सांगितली. नवरा म्हणाला, आईचं तिच्याशी चांगलं जमलंय, नीट विचार कर. मी म्हटलं, जमलंय याचीच तर भीती आहे. म्हाताऱ्या माणसाला गोड बोलून काय वाटेल ते करून घेतात लोक.

पण पुराव्याशिवाय काढलं तर घरात मीच वाईट ठरले असते. म्हणून एका दुपारी मोबाइलवर कॅमेरा बंद झालेला दिसताच मी अर्धी रजा टाकली आणि निघाले. किल्लीने दार हळूच उघडलं.

हॉलमधलं टीपॉय भिंतीला सरकवलेलं होतं, गालिचा गुंडाळून ठेवला होता. सासूबाई मावशींच्या खांद्यावर हात ठेवून टीव्हीपासून बाल्कनीच्या दारापर्यंत चालत होत्या. त्यांच्या घोट्याला जुन्या साडीची पट्टी बांधलेली होती आणि पट्टीतून पिवळा लेप बाहेर आला होता. आंबेहळदीचा वास घरभर होता. मावशी म्हणत होत्या, "टाका पाय, टाका. मी हाय ना."

मला बघून दोघी थांबल्या. मावशींनी धरलेला हात मात्र सोडला नाही.

थोडं विचारल्यावर सगळं बाहेर आलं. सासूबाई पुन्हा पडल्या होत्या. इथेच, हॉलमध्ये, वॉकर गालिच्यात अडकून. मावशी आत कपडे धूत होत्या, हाक ऐकून धावल्या. पाय मुरगळला होता. मला कळलं असतं तर एकीला नाशिकला जावं लागलं असतं आणि दुसरीचं काम गेलं असतं, म्हणून दोघींनी मिळून ठरवलं की सांगायचंच नाही. लंगडणं कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून दुपारी नेट बंद करायचं, लेप लावायचा आणि चालायचा सराव करायचा. नेट गेलं तर कुणाला काही वाटत नाही, हा त्यांचा हिशेब. संध्याकाळी मी येईपर्यंत सासूबाई सोफ्यावर, पायांवर शाल घेऊन. पाय गार पडतात म्हणायच्या. कोथिंबिरीची जुडी सोडून बघणारी मी, ती शाल रोज त्यांच्या पायांवर नीट करत होते.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाड शाबूत असल्याचं सांगितलं. पण त्या क्षणी मला ते माहीत नव्हतं. ऑपरेशन झालेलं माणूस पडतं, आणि या दोघी हळद लावून गप्प बसतात. मी भयंकर चिडले. सासूबाईंना मला काही बोलता येईना, म्हणून सगळा राग मावशींवर निघाला. विचारलं, कॅमेरा बंद असताना यांना काही झालं असतं, तर मला कळलं कसं असतं?

उत्तर सासूबाईंनी दिलं.

"तिला बोलू नकोस. बटण बंद करायला मी सांगितलं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज न चढवता म्हणाल्या, "आणि मी पडले ना, तेव्हा नेट चालू होतं."

मी एजन्सीला तिथूनच, चपलाही न काढता, दुसरी बाई नको म्हणून कळवलं. नाशिकला काहीच कळवलं नाही. मग सासूबाईंच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला. त्यांनी तो बघितला. पण हात मावशींच्याच खांद्यावर ठेवून त्या बाल्कनीकडे चालायला लागल्या.