मायचं टोटल प्रोटीन

मोहाडीच्या बाजाररस्त्यावर आमची छोटीशी लॅब आहे. आत शिरलं की डाव्या हाताला माठ आणि माठावर स्टीलचा गिलास. रक्त द्यायला आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी मी विचारते, "पाणी प्यायलात का?" नाही म्हणाला तर गिलास हातात देते आणि तो रिकामा होईपर्यंत सुईला हात लावत नाही. लोक वैतागतात. "बाई, तुम्हीच उपाशी या म्हनता आन तुम्हीच पाणी पाजता," असं ऐकवतात. ऐकवू देत. हा माठ मी मायमुळे ठेवला आहे आणि ती गेली तरी तो हलवलेला नाही.

आमचं काम रक्त काढायचं आणि आकडे छापायचे. अर्थ डॉक्टरने सांगायचा, असा नियम. पण कागद हातात आला की माणूस तो आधी उलटा धरतो, मग सुलटा धरतो, मग माझ्याकडे बघतो. "नॉर्मल हाय का?" या एका प्रश्नाला इतकी वर्षं उत्तर देत आले की मला स्वतःला मोठी जाणकार समजायची सवय लागली होती. टोटल प्रोटीनचा कागद तर मी भाजी निवडावी तसा निवडायचे. वरचा आकडा एकूण प्रोटीनचा, साधारण सहा ते आठ बरा. खाली त्याचे दोन भाग. एक अल्ब्युमिन, जे लिव्हर तयार करतं आणि जे रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवतं. ते साडेतीनच्या खाली गेलं की पाणी नसांतून झिरपतं आणि पाय सुजायला लागतात. दुसरं ग्लोब्युलिन, त्यातलं बरंचसं रोगाशी झुंजायच्या कामाचं. एकूण आकडा बरा दिसला म्हणून खूश होऊ नये, कारण एक भाग घटून दुसरा वाढला तरी बेरीज तीच दिसते. हे मी सगळ्यांना समजावून सांगायचे. आणि माझ्याच घरी हुकले.

तेव्हा मी मोहाडीत खोली करून राहायचे. आमचं गाव तिथून चार किलोमीटर. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. माय गावातच, थोडंसं धानाचं शेत, परसात कोंबड्या आणि स्वतःचा हट्ट यांच्या सोबतीने राहायची. "ये माझ्याकडे" म्हटलं की म्हणायची, "तुया खोलीत कोंबड्या कुठी ठेवू?" पण बाजाराच्या दिवशी ती यायचीच. सकाळी अकराच्या सुमारास लॅबच्या पायरीवर चपला वाजल्या की मला न बघता कळायचं. हातात कापडात बांधलेला डबा.

तो डबा अजून नाकात आहे. वरच्या पुड्यात लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, वर लसणाची फोडणी आणि भरपूर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मधल्यात गावच्या तलावातल्या मासोळीचा रस्सा, मरळ मिळाली असेल तर मरळ, तेही मधले तुकडे, काटे कमी असलेले. खालच्यात भात. आणि पदराच्या गाठीसारख्या एका फडक्यात उकडलेली अंडी. मी मशीन सुरू ठेवून मागच्या स्टुलावर बसून जेवायचे आणि ती समोर बसून मला बघायची. "तू?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मी खाऊन आलो." इतक्या वर्षांत एकदाही मला वाटलं नाही की एवढ्या लवकर ही काय खाऊन येते.

एका उन्हाळ्यात ती थकल्यासारखी दिसू लागली. चार किलोमीटर चालत यायची ती अर्ध्या वाटेत दोनदा बसायला लागली. डॉक्टरांनी तपासून रक्त लिहून दिलं. साखर, हिमोग्लोबिन, टोटल प्रोटीन. साखर बघायची म्हणून मी फोनवर सांगितलं, "उद्या उपाशी पोटी ये."

आता आमच्याकडे बाईला उपाशी म्हटलं की तिला एकच उपास आठवतो, तिजेचा. शहाण्या माणसांत त्याला हरतालिका म्हणतात. त्यात पाण्याचा थेंबही चालत नाही. मायने जन्मभर तो उपास केला होता आणि नवरा गेल्यावर सोडला होता. माझा फोन आल्यावर तिने तो पुन्हा धरला. आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून पाणी बंद. सकाळी निघाली तर वाटेतल्या एका शेतात उन्हाळी धानाची कापणी चालली होती, तिथे घटकाभर हात लावला, कारण लोक राबत असताना नुसतं पुढे जाणं तिच्या जिवावर यायचं. मग मे महिन्याच्या उन्हात चालत माझ्या दारात. आणि तिथे आल्यावर नंबर लावून बसली. "लोकाईचं आधी घे. मी घरचीच हाय." मीही कामाच्या धबडग्यात म्हटलं, बसू दे. बारा वाजत आले तेव्हा तिचा नंबर आला.

तिची नस सापडेना. दंडाला रबरी पट्टी बांधली, मूठ उघड म्हटलं, झाक म्हटलं, चापट्या मारल्या. चांगली दोन-तीन मिनिटं पट्टी आवळून ठेवली आणि वर तिलाच रागावले, "हात हलवू नको ना!" तिचे ओठ सुकलेले मला दिसले होते. मला वाटलं ऊन आहे.

टोटल प्रोटीन सहा पूर्णांक चार. अल्ब्युमिन साडेतीन. अगदी काठावर, पण आत. मी कागद हलवत बाहेर आले. "माय, पास झाली तू!"

"सगळं बरोबर हाय ना वं?"

"नॉर्मल. जेवत जा नीट, बाकी काही नाही."

ती हसली, माठातलं दोन गिलास पाणी घटाघट प्यायली आणि गेली. तेव्हा माठ मागच्या खोलीत, आमच्यापुरता होता.

पोळ्याला मी गावी गेले तेव्हा ती पाट ओढून बसली होती आणि पाय सुजून पैंजणाच्या जागी घडी पडली होती. बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. असे पाय मी लॅबमध्ये पुष्कळ पाहिले होते. त्या पायांच्या मागे काय काय निघतं तेही ठाऊक होतं. किडनी गळत असते, लिव्हर बसलेलं असतं. सणाची पुरणपोळी तशीच ताटात ठेवून मी उठले.

दुसऱ्या दिवशी तिला स्कूटीवर बसवून आणलं. या वेळी ती चहा-पाणी पिऊन आली होती, नस पहिल्या झटक्यात मिळाली. आकडा आला पाच पूर्णांक पाच. अल्ब्युमिन दोन पूर्णांक नऊ. मला वाटलं मशीन बिघडलं. मशीनवर शंका आली की आम्ही आपलंच रक्त चालवून बघतो. मी माझं काढलं, चालवलं. सात पूर्णांक सहा, अल्ब्युमिन चार पूर्णांक सहा. मशीन ठणठणीत होतं.

"मागच्या बारीले त बरोबर होतं," माय म्हणाली. "तवा त मी पक्का उपास केलता. पाण्याचा थेंब नाई घेतला."

तेव्हा मला मे महिन्यातला आकडा उलगडला. वरण चुलीवर आटलं की घट्ट दिसतं, त्यात डाळ वाढलेली नसते. तिचं रक्त तसं आटलेलं होतं, म्हणून आकडा वर दिसला होता. वरून माझ्या पट्टीने त्या हाताच्या रक्तातलं उरलंसुरलं पाणीही पिळून काढलं होतं. हे आम्हाला शिकवलेलं असतं. दुसऱ्याच्या लॅबमध्ये कोणी केलं असतं तर मी त्याची दहा ठिकाणी बदनामी केली असती. माझ्या चुकीपायी तिचे तीन महिने वाया गेले होते आणि आता किडनी निघाली असती तर ते तीन महिने मी कुठून आणणार होते?

लघवी मीच तपासली. तपासायची कागदी पट्टी बुडवली आणि रंग बदलायची वाट बघत उभी राहिले. पिवळी पट्टी प्रोटीन असलं की हिरवट होत जाते. मिनिटभराचं काम. मी देवाधर्माची नाही, पण त्या मिनिटात मी कोणाकोणाला हाका मारल्या ते सांगायची लाज वाटते. पट्टी पिवळीच राहिली. लिव्हरचेही आकडे बरे निघाले. डॉक्टरांनी चार गोष्टी आणखी तपासल्या आणि शेवटी चष्मा काढून विचारलं, "आजी, जेवता काय?"

"सगळंच खातो जी," माय म्हणाली. "वरण, मासोळी, अंडे. घरच्या कोंबड्या हायेत."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता, असं मलाही वाटलं.

दोन-तीन दिवसांनी मी न सांगता भर दुपारी गावी गेले. दुसऱ्या दिवशी बाजार होता. चुलीशेजारी मासोळीचा रस्सा झाकून ठेवलेला, कारण शिळा रस्सा मला जास्त आवडतो. वरणाची गंजी, म्हणजे पातेलं, बाजूला; त्यात बुडाची घट्ट डाळ तशीच. फडक्यात अंडी. आणि माय दाराकडे पाठ करून जेवत होती. ताटात भात, अंबाडीची भाजी आणि वरणाचं वरचं वरचं पाणी, त्यात डाळ औषधालाही नाही.

मी काही बोलायच्या आधी तिनेच ताट पदराआड केलं. चोरी पकडल्यासारखं.

"हे काय आहे माय?"

"काही नाई. भूक नव्हती."

"रोज नसते का?"

"काहून बोंबलून रायली? तुले दिवसभर उभं राहून काम करा लागते. मी कायले खाऊ? मले जातबी नाई आता थे."

"रिपोर्ट बघितलास ना?"

"पायला. नॉर्मल हाय म्हून तूच सांगतलं होतं."

मी रागाने बाहेर ओसरीवर जाऊन बसले आणि तिथे खूप रडले. माझं सात पूर्णांक सहा कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. गावोगावचे रिपोर्ट वाचणारी मी, दर बाजाराला डबा चाटून पुसून परत देत होते.

मग डबा बंद केला. ती इतकी दुखावली की आठ दिवस बोलली नाही. शेवटी तोड निघाली. रोज दुपारी लॅबला कुलूप लावून मी स्कूटीने गावी जेवायला जायचं, तिच्यासमोर, एकाच वेळी. मी खाल्लं तरच ती खाणार आणि तिने खाल्लं तरच मी.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पोटरीत आलेलं, लोंबी फुटायच्या बेतात, तलाव काठोकाठ, आणि मी हेल्मेटच्या आत उद्याच्या जेवणाचा विचार करत चाललेली. जेवताना रोज भांडण. ती मरळीचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकायची, मी उचलून तिच्या ताटात. ती म्हणायची, "उष्टं करून रायली!" मी म्हणायचे, "मग खा आता, उष्टं झालं." अंड्यातला पिवळा भाग तिला आवडायचा हे मला त्या वयात समजलं. लहानपणी तो नेहमी मला मिळायचा आणि मला वाटायचं तिला आवडत नाही. आज कोणी मला ती दुपार परत देतो म्हणालं तर मी लॅब उचलून देईन.

दिवाळी झाल्यावर तिसऱ्यांदा रक्त काढलं. ती दारातूनच ओरडत आली, "दोन लोटे पाणी पिऊन आलो, आता बोलू नको!" पट्टी बांधली, सोडली, झालं. ती बाकावर बसली, मी आत मशीनसमोर.

सहा पूर्णांक सहा. अल्ब्युमिन तीन पूर्णांक सात. पोटभर पाणी पिऊन आलेल्या बाईचे, म्हणजे खरे आकडे. मी बाहेर येऊन सगळ्या लोकांसमोर तिला मिठी मारली. बाकावरचे पेशंट बघत राहिले.

"वाढलं माय! वाढलं!"

ती खूश झाली, पण जागची हलली नाही. कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला.

"आन तुया आकडा?"

"माझं कशाला? माझं काढलंच नाही."

"काढून पाय."

"मला काय झालंय?"

"माया वाढला," ती हळूच म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, "त तुया घटला असन."

मी तिला समजावलं की असं नसतं, हे दोघींचं वेगवेगळं असतं, एकीचं वाढलं म्हणून दुसरीचं कमी होत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, बाकावरून हलली मात्र नाही. तिच्या उभ्या जन्मात घरातलं काहीही एकाच्या ताटात वाढलं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून गेलेलं असायचं. तिला मी काय शिकवणार?

शेवटी तिच्यासमोर बसून मी स्वतःच्या दंडाला पट्टी बांधली, रक्त काढलं आणि चालवलं. सात पूर्णांक चार. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"नॉर्मल हाय?"

"नॉर्मल."

तेव्हा कुठे ती बाकावरून उठली.